ब्रेकमधली हवा

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "काकू, आई गेली..." एवढंच बोलला. ओली चादर हातात धरून मी तशीच उभी राहिले. महिना होत आला त्याला.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. कुपवाडच्या गॅरेजवाल्याची मुलगी. लग्न होऊन आटपाडीला आली ती पाना-पकडीची पिशवी घेऊनच. आमचे दोघींचे नवरे सोनं गाळायच्या धंद्यात, लांब दक्षिणेत. घरी आम्ही दोघी, सासूबाई आणि अंगणातली जुनी गाडी. ती अक्काच चालवायची. पुढे डाळिंबाच्या बागेला पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून आमचं बिनसलं. चुली वेगळ्या झाल्या, मग बोलणंही थांबलं. एकाच अंगणात आम्ही एकमेकींची सावली टाळत वावरायचो...

सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला न्यायचं होतं. त्या नवं लुगडं नेसून सोप्यात बसलेल्या. अक्कानं पुढच्या चाकांच्या ब्रेकचे कॅलिपर, चकती आवळणारे ते चिमटे, काढून, साफ करून पुन्हा बसवले होते. पण त्यात ऑइलच्या नळीत हवा शिरली होती, पायडल दाबलं की पार तळाला जायचं. हवा काढायची तर दोन माणसं हवीत, एक पायडलवर, एक चाकापाशी. अक्का अंगणात उभी राहून इकडं-तिकडं बघत राहिली. शेवटी माझ्या दारात आली.

"गाडीत बस जरा. मी सांगीन तसं दाब."

मी जाऊन पायडलपाशी बसले. अक्का चाकाशी आडवी झाली. मला तिचे पायच तेवढे दिसत होते.

"दाब... दाब... आता धर!" तिनं तिकडं हवा सोडायचा बोल्ट सैल केला आणि माझ्या पायाखालचं पायडल हळूहळू खाली गेलं. मी दचकून पाय उचलणार तोच ती ओरडली, "सोडू नगं! मी म्हणस्तोवर सोडू नगं, न्हाईतर परत हवा आत जाईल!"

वर्षभरात ती माझ्याशी इतकं पहिल्यांदाच बोलली होती. मी पाय घट्ट रोवून बसले. असं किती वेळ चाललं कोण जाणे. ते संपू नये असं मला वाटत होतं.

"कडक लागतंय का आता?"

"व्हय अक्का, लागतंय."

अक्का उठली. गालाला ऑइल लागलेलं. गल्लीत गाडी पुढं-मागं घेऊन तिनं ब्रेक पारखून बघितले आणि माझ्यापाशी आणून थांबवली. "चल. तूबी बस."

वाटेत सासूबाई मागून म्हणाल्या, "बोलाय लागला व्हय गं?"

"हवा काढली, आत्याबाई," अक्का म्हणाली, आणि तिघीही हसत सुटलो.

त्यानंतर महिन्याभरातच दोन्ही स्वयंपाकघरांमधल्या भिंतीत अक्कानं गवंड्याकडून एक खिडकी पाडून घेतली. भाकरी तव्यावरून उतरली की तिचा हात इकडं यायचा. पुढं मी सांगलीला मुलाकडं राहायला गेले, पण आटपाडीला गेले की पहिली भाकरी त्या खिडकीतूनच.

अक्काच्या तेराव्यानंतर त्या खिडकीपाशी एकटीच बसले होते. खिडकीतून हात आला, पिठानं माखलेला, वर फुगलेली भाकरी. "काकू, घ्या..." अक्काची सून. भिंतीपलीकडं तिचा चेहरा दिसत नव्हता. मी भाकरी घेतली, पण हात सोडला नाही. तव्यावरची दुसरी भाकरी करपल्याचा वास आला, तरी पोरगी तशीच उभी राहिली.