ठेकेदाराची परीक्षा

आमच्या मोठ्या जाऊबाईंसारखं मोठ्यानं बोलणारं माणूस भद्रावतीपासून बल्लारपूरपर्यंत दुसरं नसेल. त्या कानात गुपित सांगतात तेही बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांना कळतं. एसटीत बसल्या की कंडक्टरच्या आधी त्याच थांबे पुकारतात. त्यांच्या कुत्र्याचं नाव ठेकेदार, कारण तो दिवसभर सावलीत बसून दुसऱ्यांची कामं बघतो. वाघाच्या मुलखात न भुंकणारं कुत्रं काय कामाचं, असं लोक हसत. त्या म्हणत, "भुंकाले मी हावो नं!"

एकदा बाजाराच्या दिवशी ठेकेदार दिव्यांग मुलांच्या शाळेत शिरला. कोपऱ्यात मुकाट बसणाऱ्या एका पोरीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती खुदकन हसली. शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच, असं तिच्या मॅडम म्हणाल्या. जाऊबाईंनी तिथंच सांगून टाकलं, "मी दर मंगळवारी येतो, माय."

पण शाळेचा नियम निघाला. कुत्रा आणि त्याला आणणारं माणूस, दोघंही परीक्षेत पास झाले तरच आत. मग जाऊबाई रोज ठेकेदाराच्या कानाशी डबे आपटायच्या, शेपटी ओढायच्या. तो ढिम्म.

परीक्षेला मी सोबत गेले. पोरगी खिडकीत उभी होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ठेकेदाराचे कान ओढले, पंजे दाबले, कुबड्या त्याच्या अंगाला घासून नेल्या. तो शांत. जाऊबाईंनी ओठ घट्ट मिटले होते.

शेवटी डॉक्टरांनी मागून स्टीलची थाळी बडवली. आमच्याकडे मोहफुलं वेचताना थाळी वाजली, म्हणजे वाघ दिसला.

"एका जागी या वो! वाघ! हाड, हाड!" जाऊबाई ओरडल्या आणि त्यांनी डॉक्टरांना दंड धरून भिंतीकडे ओढलं. ठेकेदारानं जांभई दिली.

"कुत्रा पास आहे, मावशी," शर्ट नीट करत डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नाही."

जाऊबाईंनी खिडकीतल्या पोरीकडे बघितलं. मग त्यांनी दोरी माझ्या हातात कोंबली. "हिले घ्या, सायेब. वाघ पुढ्यात बसला तरी इच्या तोंडातून आवाज निघत नाई."

थाळी पुन्हा वाजली. माझं काळीज लटकन हललं, पण तोंड उघडलं नाही.

आता दर मंगळवारी मी आत जाते. जाऊबाई फाटकाबाहेर दगडावर बसून असतात.

"हासली काय वो?"

मी मान डोलावते. मग ठेकेदाराच्या पाठीवर जिथं त्या पोरीचा हात फिरतो, तिथं आपला हात ठेवून त्या जरा वेळ बसतात.