दाराखालचा टॉवेल

मामींचा फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गेटवर युनियनची पत्रकं वाटत होते. "मामा गेले गं. तू ये," एवढंच त्या बोलल्या. हातात अर्धा गठ्ठा उरला होता... न वाटता परत आणलेला माझा तो पहिलाच गठ्ठा.

अंबादासमामा माझ्या नात्यातले नव्हते. आमच्या गल्लीत राहायचे, यंत्रमाग दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी ल्यूट वाजवायचे. ल्यूट म्हणजे युरोपातलं जुनं तंतुवाद्य, अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचं, बोटांनी छेडायचं. तरुणपणी रेडिओवर ते ऐकलं आणि मामांना राहवेना. चित्रांवरून मापं काढून त्यांनी मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्याकडून तसं वाद्य करून घेतलं. तारा म्हणून मासे धरायची नायलॉनची दोरी लावली. तीनशे वर्षांपूर्वीच्या नाचांच्या चाली आणि त्यांच्या जोडीला आजच्या संगीतकारांनी या वाद्यासाठी लिहिलेल्या रचना ते घरातच, एकट्याने वाजवून रेकॉर्ड करत आणि इंटरनेटवर टाकत. कुठल्या कुठल्या देशांतून लोक त्यांना लिहायचे.

मी पत्रकं वाचत वाढलेली. पहिल्याच भेटीत सुनावलं, "राजवाड्यातलं संगीत कामगारांच्या गावात कशाला?"

मामांचं तारा जुळवणं थांबलं नाही. "राजा ऐकत आसंल की, पुढारीणबाई. वाजवणारा कामावरचाच माणूस व्हता. त्याला जेवायला कुटं बसवत आसतील, ते लिवा तुमच्या पत्रकात."

पुढच्या सुट्टीला मी पुन्हा गेले आणि मग जातच राहिले. खोलीच्या चारी भिंतींवर आवाज शोषायला सोलापुरी चादरी ठोकलेल्या. मामी दार लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबायच्या. आजूबाजूला सगळे माग, आठवड्यातून एकच दिवस बंद. त्या सकाळीच रेकॉर्डिंग. रचना एका दमात वाजवायची, हा मामांचा नियम. मध्ये कुकरची शिट्टी आली की पुन्हा पहिल्यापासून. तुकडे संगणकावर जोडता येतात, असं मी एकदा सुचवलं. म्हणाले, "जोड दिलेलं कापड मी पास करत न्हाय." तत्त्वांवरची भाषणं मी लहानपणापासून ऐकलीत. तत्त्व पाळणारा माणूस कसा दिसतो, ते मात्र त्या खोलीत पाहिलं.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांची एकच रचना रेकॉर्ड करायची राहिली होती, आजच्या काळातली, जिच्यात सुरांपेक्षा थांबणं जास्त. तार छेडायची आणि तिचा आवाज पार विरेपर्यंत वाट पाहायची. त्याला शांतता हवी होती... आणि आमचा संप सुरू झाला. सगळे माग बंद. चौथ्या दिवशी मी धावत गेले. "मामा, आता करा! हात चालतोय तोवर करून घ्या."

त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं. "लोकं उपाशी बसल्यात म्हणून ही शांतता हाय. ती माझ्या कामाला न्हाय वापरायची."

मी चिडले, भांडले. ते चप्पल घालून माझ्यासोबत गेटवर येऊन बसले, संप संपेपर्यंत रोज.

त्यानंतर बुडालेलं काम भरून काढायला मालकांनी सुट्टीच्या दिवशीही माग चालवले. आठवडे जात राहिले, हात आणखी बिघडला. शेवटी एका सकाळी मामा म्हणाले, "लाव गं मशीन." मी रेकॉर्डिंग सुरू केलं, त्यांनी वाजवलं. दोनदा बोट घसरलं. प्रत्येक थांबण्यात शेजारचा माग खटखटत होता. संपल्यावर त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा करू. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लोकं कामावर हायेत."

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका ध्वनिमुद्रकाचं पत्र आलं. मामांचा चाहता; इंटरनेटवर टाकलेलं ते शेवटचं रेकॉर्डिंग त्याने ऐकलं होतं. मागांचा आवाज पुसून रेकॉर्डिंग स्वच्छ करून देतो म्हणाला, अगदी मनापासून. मामींनी मला विचारलं, "काय कळवायचं?" मी म्हटलं, आधी एकदा ऐकू या.

चादरी अजून तशाच आहेत. बाहेर माग सुरू होते. मामींनी दार लावलं, सवयीने वाकून फटीत टॉवेल कोंबला. मी रेकॉर्डिंग लावलं. पहिली तार विरत गेली आणि त्या थांबण्यात माग ऐकू आला... मामी उठल्या आणि त्यांनी दाराखालचा टॉवेल ओढून काढला.