चादरी पिळायचा चरक

घट बसायच्या आधीच्या आठवड्यात शिरूरला घोड नदीवर गेलात, तर पाय ठेवायला जागा मिळायची नाही. घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतल्याशिवाय घट बसवायचे नाहीत, ही रीत. कोरडी गोधडी एक बाई काखेत मारून नेते, पण भिजली की तीच गोधडी म्हशीसारखी बसते, उठता उठत नाही. मग एकीनं इकडचं टोक धरायचं, दुसरीनं तिकडचं, आणि पीळ घालत घालत एकमेकींच्या जवळ यायचं. अनसाबाईच्या समोरचं टोक कायम तिच्या धाकट्या जावेच्या, धुरपदाच्या हातात. दोघींचा अबोला असला तरी. मग टोक नुसतं पुढं करायचं, तोंड फिरवून धरायचं, पण पिळायचं मात्र दोघींनीच.

अनसाबाईचा नवरा भैरू. बापाचा जन्म मेंढरांमागं गेला, पण ह्यानं स्टँडजवळ रसवंती टाकली आणि एका जागी बसला. डोकं तल्लख, आणि तोंड त्याहून तल्लख! कुणाची मोटार बंद पडो, कुणाची शिलाई मशीन अडो, गडी पान्हा घेऊन हजर. "बंद पडलेली मोटार माझी नुसती चाहूल लागली तरी चालू व्हती," असं चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

अनसाबाई तेव्हा एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मावशी म्हणून कामाला होती. रोजच्या वीस-वीस चादरी. पिळून पिळून मनगटं अशी सुजायची की संध्याकाळी भाकरी थापताना तिचं तोंड वाकडं व्हायचं. बोलायची नाही, ती बोलणाऱ्यांतली नव्हेच. चौऱ्याण्णव साली एकदा तिच्या हातून पिठाची परात सुटली, तेव्हा कुठं भैरूचं लक्ष गेलं.

"उसाचा रस निघतो, तर चादरीचं पाणी का निघंना?" तो म्हणाला.

झालं! घरामागच्या शेडात रसवंतीचा जुना चरक पडला होता. तो उचलून उभा केला. त्याच्या लोखंडी लाटांनी, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या रुळांनी, पहिल्याच चादरीची चाळण केली, तर लाटांवर गोणपाट गुंडाळलं. वर रसवंतीचे घुंगरू बांधले, हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसं. घट बसायला चार दिवस राहिले असताना त्यानं तो चरक अंगणात मांडला. मूठ फिरवायला भैरू, गोधडी सारायला अनसाबाई. पहिली गोधडी गेली, पाण्याची धार लागली, घुंगरू वाजले आणि अनसाबाई चक्क हसली. ते हसणं भैरूनं जन्मभर जपून ठेवलं. धुरपदा ती गोधडी घेऊन भिंतीवर वाळत घालायला गेली.

दुसरी गोधडी जाड होती. लाटांच्या तोंडाशी ती गोळा झाली, अनसाबाईनं उजव्या हातानं चापली, आणि हात गोधडीबरोबर आत गेला. ती ओरडली.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर भैरूचं पुढचं वागणं कुणाला उमगायचं नाही. रसवंतीवाल्याला पहिला धडा काय मिळतो? कांड्याची गाठ अडकली की चरक मागं घ्यायचा नाही, पुढंच एक झटका द्यायचा. अकरा वर्षं त्याच्या हाताला तेच वळण. अनसाबाई ओरडली, चरक अडला, आणि भैरूच्या हातानं डोक्याला न विचारता पुढं झटका दिला. मग त्याला कळलं आणि त्यानं उलटं फिरवलं. पण अर्धा फेरा होऊन गेला होता.

पुण्याला नेलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली.

भेटायला येईल त्याला अनसाबाई एकच सांगायची, "माझाच हात आत गेला, हे तरी काय करणार?" भैरू शेजारी बसून ऐकायचा. धुरपदा तर तेव्हा पाठमोरी होती, तिनं काही बघितलं नव्हतं. अरे बाबा, तेव्हाच बोलायचं! बायको झाकतेय, तर तू उघडं कर की! पण ज्याचं तोंड गावभर चालायचं, त्याची नेमकी तिथं दातखीळ बसली. आज सांगू, उद्या सांगू. मग त्याला वाटायला लागलं, सांगून बोटं थोडीच येतात? त्यापेक्षा असा चरक करतो की त्यात कुणाचा हात सापडणारच नाही. तो झाला की तिला दाखवीन, आणि मग सांगीन.

दवाखान्यातलं काम सुटलं. भैरूनं घुंगरू तोडून आडात टाकले आणि तो शेडात शिरला.

पहिली दोन वर्षं लाकडात गेली. बाभळीची लाट उन्हात तडकली, सागाची फुगून बसली. मग न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडच्या खेपा सुरू झाल्या. तिथं रेल्वेच्या अंगाला हौसराव नावाचा लेथवाला होता. त्यानं पाइपावर जाड रबर चढवून दिलं. गोधडी शिरली की लाटा लांब व्हाव्यात, लुगडं आलं की जवळ याव्यात, म्हणून मोडक्या लुनाच्या स्प्रिंगा बसवल्या. एकट्या माणसाला चालवता यावं म्हणून दातेरी चाकं बदलली, मूठ इतकी हलकी केली की लहान पोरगीसुद्धा फिरवील. तोंडाशी फळी आली, तिला कापडापुरतीच फट. आणि शेवटी पायाजवळची पट्टी, जिच्यावर पाय मारला की वरची लाट टणकन वर. एकट्या त्या पट्टीनं चार वर्षं खाल्ली.

हौसराव एकदा वैतागला. "आरं भैरू, ह्या पट्टीचं येड घेतलंस व्हय? हात अडकलाच तर मूठ उलटी फिरवायची. हाय काय आन् न्हाई काय!"

"घाबरल्यालं माणूस उलटं फिरवत न्हाई, हौसराव," भैरू म्हणाला, आणि परतीच्या एसटीत सबंध रस्ता खिडकीकडं तोंड करून बसला.

पट्टी जमली का हे बघायला तो स्वतःचा हात आत घालायचा. डाव्या हाताचं एक नख कायमचं काळं पडलं. गावातल्या बाया शेडात येऊन चादरी पिळून जायच्या, नावाजायच्या. अनसाबाई मात्र चहा उंबऱ्यावर ठेवून मागं फिरायची. तिची गोधडी ती धुरपदाबरोबरच पिळायची. आपलं टोक उजव्या कोपराला गुंडाळून डाव्या हातानं धरायची, आणि धुरपदा समोरून हळू पीळ घालायची. भैरू शेडाच्या खिडकीतून बघायचा. मग तो पुन्हा कानस उचलायचा.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात धुरपदा रांजणगावला गेली. तिचा लेक संपत तिथं कंपनीत लागला होता, सून बाळंतीण होती. खोलीत बटण दाबलं की आपोआप धुणारं मशीन, असं ती हरखून सांगून गेली. जाताना दोघी जावा गळ्यात पडून रडल्या.

घट बसायला चार दिवस राहिले. भैरू शेडात चरकाला तेल घालत होता, आणि दारात अनसाबाई येऊन उभी राहिली. कमरेवर बादली, बादलीत भिजलेली गोधडी. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं तो उंबरा ओलांडला.

भैरूची धांदल उडाली. कुठला फडका घेऊ, काय पुसू! "भिऊ नकोस. ही फळी बघ, बोट जातच न्हाई. आन् ही पट्टी, नुसता पाय मार." त्यानं स्वतःचा हात आत घातला, पाय मारला, लाट टणकन उचलली. "बघितलंस?"

अनसाबाईनं सगळं नीट बघितलं. डाव्या हातानं गोधडीची कड फटीत सारली. मग तिनं मूठ शोधली. मूठ उजवीकडं होती. तिनं उजवा हात लावला. अंगठा आणि करंगळीत मूठ ठरेना, दोनदा निसटली. डावा हात आडवा घालून बघितला, तर गोधडी खाली घसरली आणि पाय पट्टीला पुरेना. तिनं हात काढून घेतला.

"मूठ उजव्या अंगालाच ठेवली व्हय?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता, नुसतं विचारलं.

भैरू मुठीकडं बघत राहिला. सगळ्या चरकांची मूठ उजवीकडंच असते. त्यानं लाटा मोजल्या, फट मोजली, गावातल्या सगळ्या बायांचे हात बघितले. हिचाच हात तेवढा बघितला नाही. बघवत नव्हता म्हणून बघितला नाही.

"डावीकडं घेतो. उद्याच दौंडला जातो, हौसरावला..." बोलता बोलता तो खाली बसला. "अनसा, त्या दिशी तू वरडलीस, आन् मी मूठ पुढं फिरवली. मागं न्हाई, पुढं."

"ठावं हाय की."

त्यानं वर बघितलं.

"हात माझा व्हता. कुठल्या अंगाला वढला, मला कळंना व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. पयल्या वर्षी लई बघितली." तिनं डाव्या हातानं पदर डोळ्याला लावला. "मला हे असलं काय नको व्हतं. तुम्ही जवळ बसून येकदा बोलायचं, एवढंच व्हतं. तर तुम्ही जे ह्या शेडात शिरला, ते भायेर आलाच न्हाई."

भैरू लहान लेकरागत रडला. ती थांबली, त्याला रडू दिलं. मग तिनं फटीतून गोधडी ओढून काढली, एक टोक उजव्या कोपराला गुंडाळलं, आणि दुसरं त्याच्यापुढं केलं.

"धरा. धुरपदा न्हाई, आता दुसरं कोण धरणार?"

त्यानं उठून टोक धरलं.

"कुठल्या अंगाला पिळू?" त्यानं विचारलं.

"तुमच्या उजवीकडं. हळू. मी सांगंन तवा थांबा."

पाणी गळायला लागलं. पीळ घालत घालत तो तिच्या जवळ येत गेला. तिनं "थांबा" म्हटलं, तिथं तो थांबला.