सोनूबाई घरी पोचेपर्यंत

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या माझ्या खोलीत कुणाच्या तरी लग्नाची फिल्म जोडत होते. अक्षता, वरमाला, जेवणावळ... फोन ठेवला आणि पुढची क्लिप लावली. रडू आलं ते संध्याकाळी, चहा करताना. आता महिना उलटून गेलाय, तरी अंगातला थकवा काही उतरत नाही.

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. तो स्वतःच्या हिमतीवर माहितीपट काढायचा, मी ते जोडायचे आणि दर फिल्मला आमचं वाजायचं. त्याचे शॉट संपता संपायचे नाहीत. "अरे, बघणाऱ्यांना घरदार आहे," मी वैतागायचे. तो हसून आमच्याकडच्या बोहाड्याच्या उत्सवाचं सांगायचा. मुखवटा घातलेलं सोंग नाचत आलं की आपली फेरी पुरी करूनच जातं, त्याला मध्येच कुणी हाकलत नाही. "मग मी कोण हाकलणारा?" मला विचाराल तर त्याची खरी शाळा म्हणजे त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान. बाजाराला आलेली बाई लुगड्याचा पोत कितीतरी वेळ चाचपत बसायची, पण काकांनी "घेणार का?" म्हणून कधी विचारलं नाही. विलास तिथेच बसून बघायला शिकला. धंदा मात्र दोघांनाही जमला नाही.

शेवटची फिल्म पोशेरा गावच्या सोनूबाईवर होती. ती जोडायची राहिली आणि तो गेला. एका महोत्सवाने ती घ्यायची तयारी दाखवली, फक्त लांबी कमी करा म्हणाले. त्याचं काम पहिल्यांदाच इतक्या लांब कुणी बघणार होतं. मीही दमले होते. सोनूबाई मोळी घेऊन डोंगर उतरते, तो लांबलचक शॉट मी अर्ध्या उतारावर तोडला.

फिल्म बाहेर पाठवण्याआधी ज्याची त्याला दाखवायची, हा विलासचा शिरस्ता. म्हणून लॅपटॉप घेऊन पोशेऱ्याला गेले. सोनूबाईने ओटीवर बसून सगळं बघितलं. मग म्हणाली, "ताय, मी घरी पोचलीच नाय?"

"थोडं कापावं लागलं, बाई."

"मोळी अजून डोक्यावरच हाय माझ्या. विलासदादा तं दारापरत संगं आलाता."

लॅपटॉप मिटून निघाले. परत येऊन मूळ शॉट लावला. ती उतरते, अंगणात मोळी टाकते, पाणी पिते, आत जाते. रिकामं दार दिसत राहतं. विलास 'कट' कधी म्हणाला नाही. माणूस दिसेनासं झालं की हळूच "बरं..." म्हणायचा आणि मग बटण दाबायचा. इतकी वर्षं ते "बरं" मी प्रत्येक शॉटच्या शेवटी सवयीने उडवत आले.

महोत्सवाला नाही म्हणून कळवलं. रागही आला त्याचा, गेल्यावरसुद्धा स्वतःचंच खरं करतो म्हणून. शॉट पुरा ठेवलाय. सोनूबाई घरी पोचते, दार रिकामं होतं, आणि मग तो म्हणतो, "बरं..."