दसऱ्याची रायफल

बंदूककाकांनी आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये त्यांच्या घरी कुणी गेलं की चहाच्या आधी बेसमेंट दाखवायचे. भिंतीवर जुन्या लष्करी रायफली, कुठल्या कुठल्या देशांनी मोडीत काढलेल्या. काकू वरून म्हणायच्या, अहो, आधी त्यांना बसू तरी द्या. काका ऐकतील तर शपथ.

त्यातली एक भारतात बनलेली. काकांचे वडील हवालदार होते, त्यांच्या हातात असलीच असायची. "ही माझ्या आधी अमेरिकेत आली, व्हिसा न काढता," असं काका कौतुकानं सांगत. पूर्वी असा माल जहाजं भरून यायचा, स्वस्तात मिळायचा. मग आयातीचे कायदे कडक झाले, राज्याचे त्याहून, आणि हौशी मंडळी एकेक करून विकून मोकळी झाली. काका मात्र प्रत्येक नवा कायदा परीक्षेला बसल्यासारखा वाचत आणि पाळत. मुलगा शाळेत शिक्षक. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं. "बाबा, आय टीच लिटल किड्स टू हाइड फ्रॉम दीज," तो म्हणायचा. काका विषय बदलायचे.

दसऱ्याला ते त्या रायफलीची घरी पूजा करत. एका वर्षी मराठी मंडळाच्या कार्यक्रमातच करावी असं त्यांच्या मनात आलं, आणि कुणाला विचारलंही नाही. मंडळ रविवारी शाळेचा हॉल भाड्यानं घेतं. तो हॉल म्हणजे आपलं कार्यालयच, हे आम्हा सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की कायदे कोळून प्यायलेल्या काकांनाही शाळा दिसली नाही, शाळेत बंदूक नेणं गुन्हा आहे हे आठवलं नाही. गोळ्या नाहीत, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो बोल्टही काढून घरी ठेवलेला. त्यांनी पाटासमोर रायफलीभोवती गुंडाळलेलं उपरणं सोडलं.

कुणी किंचाळलं नाही. परकर-पोलक्यातली, झब्ब्यातली मुलं, शाळेत गोळीबाराच्या सरावात शिकवतात तशी, मुकाट टेबलांखाली गेली. काकांची नात सानिका समोरच होती. तीही गेली. एका आईनं पोलिसांना फोन केला.

रायफल जप्त झाली. काकांचा परवाना गेला, बाकीच्या रायफली परवाना असलेल्या एका मित्राकडे द्याव्या लागल्या. तुरुंग टळला, पण ती रायफल कापून टाकायचा हुकूम झाला. अपील केलं तर कदाचित वाचेल, असं वकील म्हणाला. मी हात धुऊन काकांच्या मागे लागलो. मला त्या कायद्याचा राग येतो, आणि ती मुलं आठवली की माझ्या रागाचीच लाज वाटते.

"नको," काका म्हणाले. "तोंडावर हात दाबून बसली होती रे सानिका. माझ्यापासून लपली होती."

रायफल कापली गेली. सानिका अजून रविवारी काकांच्या घरी येते, पण त्यांच्याजवळ जात नाही. काका सोफ्याच्या एका टोकाला बसून राहतात, दोन्ही हात तिला दिसतील असे मांडीवर ठेवून.