दस्त्यावरच्या रेघा

शिंदे हवालदार आमच्याकडे आले की पाणी पिण्याआधी तांब्या घासायचे. अहो, खरंच! मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला की ते तो उचलायचे, खिडकीच्या उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "वहिनी, चिंच आहे का घरात?" मग स्वयंपाकघरात जाऊन आपल्या हातानं तांबं लख्ख करायचे आणि तेव्हा कुठे दोन घोट प्यायचे. माझी सून पहिल्यांदा रागावली होती. पाहुण्यानं भांडी घासायची म्हणजे काय! पण त्यांचं उत्तर ठरलेलं. "डाग म्हणजे आळस. आमच्या सुभेदारसाहेबांना बटनात तोंड दिसायला लागायचं. नाही दिसलं, की पळा पाठीवर ओझं घेऊन."

साताऱ्याकडचा माणूस. फौजेतून सुटल्यावर इकडे आखातात आला आणि खोर फक्कानच्या एका अरब घरात एकोणीस वर्षं ड्रायव्हर राहिला. आमचे हे तेव्हा तिथल्या बंदरात स्टोअरला होते, तेव्हापासूनची ओळख. हे गेले, मी मुलाकडे शारजाला रोल्लात राहायला आले, तरी शिंदे महिन्यातून एका रविवारी बस पकडून यायचेच. माझ्या हातची ज्वारीची भाकरी खायची आणि म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगायच्या.

म्हातारा म्हणजे त्या घरातले वडील, अबू सैफ. नव्वदीला टेकलेले, दोन्ही डोळे गेलेले. तरुणपणी मुंबईला गलबतं घेऊन जायचे, त्यामुळे हिंदी फर्मास. शिंद्यांवर त्यांचा जीव. सकाळी पहिली हाक अरबी वळणाची, "या शिंदे!" अशीच. मुलांना म्हणायचे, "तुम लोग टेलिफोन देखो, मेरे को शिंदे देखेगा."

या म्हाताऱ्याला एकच सल होता. त्यांच्या वडिलांची एक बंदूक होती, जुन्या गोऱ्या फौजेची थ्री नॉट थ्री, हिंदुस्थानातून गलबतावरून आलेली. आई खूप आजारी पडली, तिला दुबईच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, वडील समुद्रावर होते. सतरा वर्षांच्या या पोरानं बंदूक उम्म अल कुवैनच्या एका व्यापाऱ्याला विकली. आई वाचली. पण वडिलांनी परत आल्यावर रिकामी खुंटी पाहिली आणि मरेपर्यंत बंदुकीचा विषय काढला नाही. तिकडे लग्नात बाप्ये रांगेत उभे राहून बंदुका हातात घेऊन नाचतात. अबू सैफ प्रत्येक लग्नात काठी घेऊन बसायचे. मुलानं दोनदा जुनी बंदूक आणून दिली. म्हाताऱ्यानं हातात घेतली, दोन मिनिटांत "ये नहीं" म्हणून परत केली. कशावरून, ते कुणालाच कळलं नाही. घरच्यांना वाटलं, वजनावरून.

नातवाचं लग्न ठरलं आणि शिंद्यांच्या डोक्यानं घेतलं. "वहिनी, माझं शेवटचं वर्ष आहे इथलं. जायच्या आधी म्हाताऱ्याच्या हातात थ्री नॉट थ्री द्यायची. ट्रेनिंगला आम्ही तीच चालवली. मी ओळखणार नाही तर कोण?" चार महिने सुट्टीच्या दिवशी उम्म अल कुवैनच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडले. शेवटी एका बलुची म्हाताऱ्याकडे मिळाली, कुठल्याशा मोडलेल्या घरातून आलेली. नळी बुजवलेली, नुसती भिंतीवर लावायची वस्तू. तरी शिंदे आधी पोलिसांत जाऊन विचारून आले, कागद करून घेतला. "अठराशे दिरहम, म्हणजे चाळीस हजारांच्या वर गेले की हो," मी म्हटलं. तर म्हणाले, "सलामी फुकट देता येते वहिनी, बंदूक नाही."

तो खोका घेऊन ते आमच्याकडेच आले, कारण साफसफाई खोर फक्कानला केली असती तर घरात कळलं असतं. मी बाल्कनीत जुनी चादर अंथरली. बंदूक बाहेर काढल्या काढल्या त्यांनी नळी आभाळाकडे केली. "बुजवलेली आहे ना?" मी विचारलं. "असली तरी, माणसाकडे नाही करायची."

लाकडी दस्ता काळा पडला होता, तेलकट. आणि टोकाशी चाकूनं कोरल्यासारख्या रेघा होत्या, तीन उभ्या, एक आडवी. मी बोट फिरवून पाहिलं. आणि मीच म्हटलं, हो, मीच, "शी, पोरांनी खरवडलंय वाटतं. घासून टाका ते." शिंद्यांनी मान हलवली. "असा दस्ता घेऊन इन्स्पेक्शनला उभं राहिलो असतो तर साहेबानं सोललं असतं." मग दुपारभर पॉलिश पेपर चालला. मी माझ्या जुन्या पातळाचे तुकडे फाडून दिले, जवसाचं तेल दिलं. संध्याकाळी ते लाकूड असं झालं की गालाला लावावं. शिंदे लांब धरून बघत राहिले. मी त्यांना तेवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ते मलाही घेऊन गेले. मी बेसनाचे लाडू नेले होते. म्हातारा बैठकीत गादीवर बसलेला. शिंद्यांनी कडक सलाम ठोकला, पायांचा आवाज ऐकून अबू सैफ हसले. "क्या है शिंदे, लडाई है?"

"गिफ्ट है बाबा," म्हणत शिंद्यांनी बंदूक दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्यानं नळीवरून हात फिरवला. घोड्यापाशी थांबला. चेहरा बदलला हो त्यांचा. मग अंगठा दस्त्यावरून सरकत टोकाशी गेला. तिथे फिरला. परत फिरला. उलटी करून दुसऱ्या बाजूला फिरला. मग हात हळूच बाजूला झाला.

"नहीं शिंदे. एकदम वैसी है, लेकिन वो नहीं. आज तेरे को बताता हूँ, बेटे को भी नहीं बताया. बताता तो कोई भी बना के ले आता. मेरे बाप ने चाकू से निशान किया था. तीन खडे, एक आडा. हम तीन भाई और माँ." आणि शिंद्यांचा हात शोधून, थोपटून म्हणाले, "तू लाया, बस. खलास."

मी शिंद्यांकडे पाहिलं. ते सावधानमध्येच उभे होते, पण ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं, आता बोलतील. मी तरी बोलावं. तेवढ्यात पोरंबाळं आत आली, अत्तर, गडबड, यल्ला यल्ला, आणि ती वेळ गेली. संध्याकाळी म्हातारा ती बंदूक मांडीवर घेऊन बसला, शिंद्यांचं मन राखायला. हातात मात्र काठीच होती.

परतताना गाडी शिंदेच चालवत होते. डोंगरातला बोगदा ओलांडल्यावर म्हणाले, "लग्नाच्या दिवशी कसं सांगू वहिनी? की तुमच्या बापाचा हात मी पॉलिश पेपरनं पुसला? पाहुणे जाऊ देत. निवांत सांगतो, इन्शाल्ला."

पाहुणे गेले, आणि अकराव्या दिवशी अबू सैफ झोपेतच गेले.

शिंद्यांनी दुखवट्यात त्यांच्या मुलाला, सैफला, सगळं सांगितलं. सैफनं त्यांना मिठी मारली, म्हणाला, "शिंदे, तुमने बहुत सेवा किया, अब रो मत." त्याला वाटलं, दुःखानं बोलतोय बिचारा. मी म्हटलं, "मी येते साक्षीला. माझ्या बोटानं चाचपल्यात त्या रेघा." तर म्हणाले, "कुणापुढे साक्ष देणार वहिनी? ओळखणारा अंगठा एकच होता." बंदूक आता त्या बैठकीत भिंतीवर आहे. आल्यागेल्याला सांगतात, आमच्या हिंदी ड्रायव्हरची भेट.

गेल्या महिन्यात शिंदे कायमचे गावी गेले. विमानतळावर जायच्या आधी निरोप घ्यायला आले. मी पाणी दिलं. तांब्या चांगला काळवंडला होता. त्यांनी उचलला, सवयीनं खिडकीकडे धरला, आणि मी चिंच आणायला उठले.

"असू दे वहिनी," म्हणाले. तसंच पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि बॅग उचलून निघाले.

परवा नात तो घेऊन आली. "आजी, इट्स सो डर्टी. आणि हा डेंट! शॅल आय थ्रो इट?" त्या पोच्याचं मी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, मुलालासुद्धा नाही. मी तिला जवळ बसवलं, तिचा अंगठा धरून पोच्यावर ठेवला आणि म्हटलं, "तुझ्या आजोबांची नोकरी गेली होती, त्या दिवशी…"