तपासणीच्या दिवशीची बस

तपासणीचा दिवस प्रमिलाबाई टिपणीसांना नकोसा व्हायचा. अबू धाबीतल्या रुवैसजवळच्या एका कंपनीच्या कॉलनीतली शाळा. ब्याण्णवपासून बाई तिथं गणित शिकवत होत्या, पण नवऱ्याच्या व्हिसावर, शाळेच्या नव्हे; म्हणजे बेकायदा. त्यामुळे सरकारी इन्स्पेक्टर आला की अशा पाच जणींना शाळेच्या बसमध्ये कोंबून बस कुंपणामागे उभी करायचे. पडदे ओढलेले, संशय नको म्हणून एसीही बंद. पोरांच्या ओकाऱ्यांनी आंबलेल्या सीटवर बाई घामानं निथळत रामरक्षा म्हणायच्या.

"दीदी, हमारे लिए भी मांगो, एसी चल जाए," मागून हमीदा मिस म्हणायची.

नऊ वर्षं हेच. मग नवऱ्याला, चारुदत्तना, अल ऐनला नोकरी लागली. तिथल्या शाळेत बाईंना रीतसर व्हिसा मिळणार होता. हवं होतं फक्त अनुभवाचं पत्र.

प्रिन्सिपॉल नेल्सन सर वसईचे, बोलायला गोड. "बाई, रजिस्टरात तुमचं नावच नाय, लेटर कसलं देऊ? हवं तर 'मदतनीस पालक' लिहितो. खलास!"

"दहावीच्या नऊ बॅचेस काय पालक म्हणून शिकवल्या?"

"आवाज खाली, बाई. बघू, इन्शाल्ला," सर हसत म्हणाले.

त्या हसण्याची बाईंना शिसारी आली. संध्याकाळी देवापुढे बसल्या, तेव्हा स्वतःचीही आली. बसमध्ये कुणी हात धरून ढकललं नव्हतं. खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून पर्स उचलून सगळ्यांत आधी त्याच निघायच्या!

पुढच्या तपासणीला शिपाई धावत आला. "मॅडम, यल्ला, जल्दी, बस!" बाई फळ्यावर वर्तुळ काढत राहिल्या.

"मिस, टुडे यू आर नॉट हायडिंग?" पहिल्या बाकावरच्या शुभ्रानं विचारलं.

म्हणजे पोरांनाही ठाऊक होतं. बाईंचे कान तापले.

इन्स्पेक्टरनं दारातून नाव विचारलं. "प्रमिला टिपणीस. मॅथ्स टीचर. नाइन इयर्स." मागे नेल्सन सर पांढरेफटक.

शाळेला दंड झाला. बाईंना दुपारीच काढलं, आणि आठवड्याच्या आत बसमधल्या चौघींनाही.

"दीदी, आपका तो अल ऐन है," हमीदा म्हणाली. "हमारा?"



पत्र मिळालं नाहीच. अल ऐनच्या शाळेनं बाईंना घेतलं ते अनुभव शून्य धरून, बालवर्गावर. एक्केचाळिसाव्या वर्षी बाईंनी नवशिक्या म्हणून सही केली. हमीदानं त्यांचा फोन पुन्हा कधी उचलला नाही.